ग्राफीन ऑक्साइड की क्षपित ग्राफीन ऑक्साइड? ऊतींच्या दुरुस्तीसाठी निवड करताना

ऊती दुरुस्तीच्या प्रकल्पासाठी ग्राफीनच्या (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पत्र्याच्या) कुळातला पदार्थ निवडायचा म्हटलं की आधी विद्युतवाहकता, मजबुती, छिद्रांचा आकार हे आकडे पुढे येतात. मी सुरुवात रोगप्रतिकारक पेशींपासून करायला सांगेन. जखम नीट भरणार की पदार्थाभोवती जाड तंतुमय कवच उरणार, हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात.

पदार्थ रक्ताला लागला की काही क्षणांत त्यावर प्रथिनांचा लेप बसतो. पेशींची गाठ आधी या लेपाशी पडते. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोहोचतात, मागोमाग मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे परकं ते गिळणाऱ्या पेशी, होतात. सुरुवातीचे मॅक्रोफेज दाहक असतात, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-6 हे दाह वाढवणारे सायटोकाइन (पेशींमधले प्रथिनरूपी संदेश) सोडतात. त्यांना एम1 म्हणायची पद्धत आहे. पुढे दाह शमवणारं आयएल-10 सोडणारे, दुरुस्तीकडे झुकलेले एम2 वाढतात. ही दोन टोकं आहेत, खऱ्या पेशी मधल्या अनेक अवस्थांत सापडतात. पहिल्या काही दिवसांचा दाह हवाच, त्याशिवाय जखम साफ होत नाही. तो लांबला आणि पदार्थ गिळता येईना, तर मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून महाकाय पेशी तयार होतात, आणि कवच तिथूनच सुरू होतं.

आता दोन कुप्या शेजारी ठेवा. ग्राफीन ऑक्साइड पाण्यात एकसारखं पसरतं, रंग तपकिरी. त्याच्या पातळ पत्र्यांवर हायड्रॉक्सिल, इपॉक्साइड, कार्बॉक्सिल असे ऑक्सिजनचे गट असतात, म्हणून पाण्याशी त्याचं जमतं. यातला बराच ऑक्सिजन काढून टाकला की क्षपित ग्राफीन ऑक्साइड मिळतं. ते काळं असतं आणि काही मिसळलं नसेल तर लवकरच गोळे होऊन तळाशी बसतं. वीज मात्र कितीतरी चांगली वाहून नेतं. शरीरातला दोघांमधला फरक बराचसा या एवढ्यातूनच निघतो.

सगळ्यात मोलाचा मुद्दा विघटनाचा. 2011 मध्ये असं दिसलं की अगदी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड असताना वनस्पतीजन्य पेरॉक्सिडेज विकर सुमारे 20 दिवसांत ग्राफीन ऑक्साइडच्या पत्र्यांना भोकं पाडतं, पण क्षपित पदार्थाला हात लावत नाही. आपल्या न्यूट्रोफिलमध्ये याच जातीचं मायलोपेरॉक्सिडेज असतं आणि तेही ग्राफीन ऑक्साइड फोडू शकतं. अट एकच, पत्रे नीट सुटे पसरलेले हवेत. गोळे झालेला नमुना तसाच उरतो. म्हणून ‘ग्राफीन ऑक्साइड विघटनशील आहे’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. शुद्ध पाण्यात छान पसरलेला नमुना क्षारयुक्त द्रवात घातल्यावर गुठळ्या धरतो, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तुमचा नमुना ज्या माध्यमात पेशींना भेटणार, त्याच माध्यमात तासभर ठेवून बघा. या साध्या तपासणीने पुढचे महिने वाचतात.

ग्राफीन ऑक्साइडची दुसरी बाजूही आहे. ते पेशीच्या पटलाला चिकटतं, आणि मॅक्रोफेजमधला एनएलआरपी3 हा धोका ओळखणारा प्रथिनांचा संच चेतवून आयएल-1 बीटा हा दाहक सायटोकाइन सोडायला लावू शकतं. पत्रा किती मोठा, यावर बरंच अवलंबून आहे, आणि इथे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. 2015 च्या एका अभ्यासात मोठे पत्रे मॅक्रोफेजच्या पटलावर पसरून बसले, टोल-सदृश ग्राहक (धोका ओळखणारी पेशीवरची प्रथिनं) चेतवले आणि जास्त दाह झाला, तर छोटे पत्रे गिळले गेले. 2016 मध्ये निरोगी माणसांच्या रक्तातल्या पेशींवर उलट दिसलं, छोट्या पत्र्यांनीच जास्त चेतना दिली. पेशी वेगळ्या, पत्रे वेगळे, मग उत्तरही वेगळं. त्यामुळे ‘लहान म्हणजे सुरक्षित’ असा नियम धरून खरेदी करू नका. आकाराची विभागणी स्वतः मोजा आणि तुमच्याच पेशींवर तपासा.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाचा लेप दिला की पेशी पदार्थाकडे दुर्लक्ष करतील, असं अनेकजण धरून चालतात. 2017 मध्ये असा लेप दिलेल्या ग्राफीन ऑक्साइडनेही उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये सायटोकाइनची जोरदार लाट उठवल्याचं समोर आलं. पत्रे गिळले जात नव्हते, नुसता पटलाला झालेला स्पर्श पुरला. तेव्हा लेप हीसुद्धा तपासायची गोष्ट समजा.

क्षपित पदार्थाकडे वळायचं ते वाहकतेसाठी, म्हणजे मज्जातंतू आणि हृदयाच्या स्नायूसाठी. उंदरांच्या जखमी मज्जारज्जूत अंशतः क्षपित ग्राफीन ऑक्साइडचे सच्छिद्र साचे बसवले, तेव्हा भोवती दुरुस्तीकडे झुकलेले मॅक्रोफेज आणि नव्या रक्तवाहिन्या दिसल्या. याला मी बरंच वजन देतो, कारण तिथे पदार्थ सुटा न राहता साच्यात बांधलेला होता. 2024 मध्ये मँचेस्टरला गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान ग्राफीनचे इलेक्ट्रोड माणसाच्या मेंदूवर पहिल्यांदा ठेवले गेले. मोठी घटना, पण तो तात्पुरता स्पर्श होता. वर्षानुवर्षे आत राहिल्यास काय होईल, याचा पुरावा म्हणून ती वापरू नये. तसंच त्या वर्षी 14 स्वयंसेवकांना नियंत्रित प्रमाणात ग्राफीन ऑक्साइड श्वासातून दिलं, आणि फुप्फुसं वा हृदय-रक्तवाहिन्यांवर तातडीचे दुष्परिणाम दिसले नाहीत. तो श्वासाचा प्रश्न होता, रोपणाचा नव्हे.

सुटं की बांधलेलं, हा फरक मला ऑक्सिजनच्या प्रमाणापेक्षाही मोठा वाटतो. कोलॅजन, जिलेटिन किंवा कायटोसनच्या जेलमध्ये गुंतलेला पत्रा मॅक्रोफेजला लगेच गिळता येत नाही. जेल विरघळत जाईल तसा तो थोडाथोडा हाती लागतो. वेग तुमच्या हातात राहतो.

रासायनिक बाष्प निक्षेपाने, म्हणजे कार्बनयुक्त वायूपासून, तांब्यावर वाढवलेला ग्राफीनचा अखंड थर ही तिसरी वाट. इलेक्ट्रोडसाठी आणि रोपणावरच्या लेपासाठी चांगली, जखमेची पोकळी भरायला निरुपयोगी. तांब्याचा अंश उरला नाही ना, तेवढं बघा.

शुद्धतेत मात्र हयगय नको. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला दाहकारक घटक, नमुन्यात असलं तर दाह त्याचा आणि दोष ग्राफीनला, असं होतं. ते शोधण्याच्या नेहमीच्या, हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तातून मिळणाऱ्या चाचणीत ग्राफीन ऑक्साइड स्वतःच ढवळाढवळ करतं. त्यासाठी मानवी मॅक्रोफेजवर टीएनएफ-अल्फा मोजायचं आणि एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन बी घातल्यावर ते उतरतं का पाहायचं. ग्राफीन ऑक्साइड बनवण्याच्या हमर्स पद्धतीत पोटॅशियम परमँगनेट वापरतात, म्हणून मँगनीजचा अंश तपासा. क्षपणासाठी (ऑक्सिजन काढण्यासाठी) हायड्राझिन हे विषारी रसायन वापरलेलं असेल तर मी तो नमुना नाकारेन, एस्कॉर्बिक आम्लाने काम भागतं. पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीचा रंग ग्राफीन स्वतःच बदलू शकतं, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. दुसरी एक चाचणी सोबत ठेवा.

त्वचा आणि मऊ ऊतींसाठी मी जेलमध्ये कमी प्रमाणात बांधलेलं, नीट पसरलेलं ग्राफीन ऑक्साइड निवडेन, कारण तिथे पदार्थ निघून गेलेला बरा. हाडासाठीही तेच, बीएमपी-2 सारखे हाड वाढवणारे वाढ-घटक धरून ठेवायची त्याची क्षमता उपयोगी पडते. मज्जातंतू किंवा हृदयासाठी एस्कॉर्बिक आम्लाने क्षपित केलेला, साच्यात बांधलेला पदार्थ, आणि तो बराच काळ आत राहणार हे रोपणाच्या आराखड्यातच मान्य करून. काहीही निवडलंत तरी सीडी206 या एम2 ची खूण मानल्या जाणाऱ्या प्रथिनाचा एका दिवसाचा फोटो दाखवून ‘एम2 वाढले’ म्हणू नका. पहिला दिवस, तिसरा, सातवा, एकविसावा आणि जमल्यास नव्वदावा, असं बघा. पेशी एकापेक्षा जास्त दात्यांच्या घ्या. आणि तुलनेसाठी शेजारी तोच जेल किंवा साचा ठेवा, ग्राफीनविना.