पिवळं परवडतं की लाल?
आमचा भाचा फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळतो. गडी निसटला तर फाउल करून कार्ड घ्यावं का, हा त्याचा सवाल.

पिवळं म्हणजे नुसती ताकीद, म्हणून स्वस्त. 2021 च्या युरो फायनलला इटलीच्या किएलिनीने इंग्लंडच्या साकाची कॉलर मागून धरून ओढली. पिवळ्यावर सुटला, इटली पेनल्टींवर जिंकली. एकाच सामन्यात दुसरं पिवळं म्हणजे मात्र लालच.

लाल महाग: गडी मैदानाबाहेर, उरलेला वेळ संघ एका गड्याने कमी, बदली नाही, पुढचा सामनाही जातो. 2010 च्या वर्ल्ड कपला घानाविरुद्ध उरुग्वेच्या सुआरेझने अगदी शेवटच्या क्षणी गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला आणि लाल घेतलं. घानाची पेनल्टी आडव्या दांड्याला लागली, उरुग्वे उपांत्य फेरीत. तिथे सुआरेझशिवाय हरले.

मैदानाच्या मध्यावर, मागे सोबती असतील तर पिवळं परवडतं. लाल फक्त शेवटच्या मिनिटाला, गोल नक्कीच असेल तर. विसाव्या मिनिटाला घेतलंस, तर कोच बघून घेतील.