आकडा वाढवावा की जागल पक्की करावी?

तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे : चीनची अण्वस्त्रं वाढताहेत, भारतानं काय करावं? बाजू तुम्हालाच निवडायची आहे, म्हणून दोन्ही मांडून ठेवतो.

'बरोबरी करा' ही बाजू टाळ्या घेईल. आकडे तसेच आहेत. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार चीनकडे सुमारे ६०० अण्वस्त्रं, आपल्याकडे १८०, पाकिस्तानकडे १७०. २०२१ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांत चीनच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांचे शेकडो नवे सायलो, म्हणजे ती डागण्यासाठीचे जमिनीखालचे खंदक, दिसले. पण बरोबरीला प्लुटोनियम लागतं, म्हणजे अणुभट्टीत तयार होणारा, अस्त्रातला स्फोटक माल. ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी २०१० मध्येच बंद झाली, आता भिस्त तिथल्याच ध्रुव अणुभट्टीवर. शिवाय चीनची नजर मुख्यतः अमेरिकेवर. शेजाऱ्यानं पाटलाशी ईर्ष्या करून दहा बैलजोड्या घेतल्या, म्हणून चार एकरवाल्यानंही घ्यायच्या का?

दुसरी बाजू म्हणते, मोजकीच ठेवा, पण पहिला घाव सोसूनही उलट वार करता आला पाहिजे. जानेवारी २००३ चं आपलं धोरण हेच आहे : आधी वापरणार नाही, पण कुणी वापरलीच तर प्रतिहल्ला प्रचंड असेल. इथं खरा भार पाणबुड्यांवर. संत्र्याच्या बागेत जागलीवाला कोणत्या धुऱ्यावर बसलाय हे चोराला कळत नाही, तसंच अरिहंत आणि २०२४ मध्ये दाखल झालेल्या अरिघातचं. मात्र खोट लपवू नका. या पाणबुड्यांवरच्या के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम ७५० किलोमीटर. बंगालच्या उपसागरातून ते बीजिंगला पोचत नाही. पाणबुडीवरच्याच के-४ चा पल्ला ३,५०० आहे, म्हणून सगळी मदार त्यावर. जमिनीवर ५,००० किलोमीटरहून जास्त पल्ल्याचं अग्नी-५ आहे. मार्च २०२४ मध्ये एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अस्त्रं बसवण्याची त्याची चाचणी झाली.

'आधी वापरणार नाही' हे वचनच सोडा, असंही कुणी म्हणेल. त्यात वेळ घालवू नका. चीनची एवढी पसरलेली अस्त्रं पहिल्या फटक्यात संपवता येत नाहीत, आणि उरलेली आपल्यावरच येतील.

मी दुसरी बाजू घेईन. तिथं एक प्रश्न हमखास येईल : खोल समुद्रात, संपर्क तुटला तर, कळ कुणाच्या हातात? आदेशाचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेलाच आहे, हे आधी सांगा. पण पाणबुडीवर अस्त्र क्षेपणास्त्राला जोडूनच न्यावं लागतं, म्हणजे ते खलाशांच्या हाताशी तयारच असतं, हेही कबूल करा. परीक्षक तिथंच अडवतील.