धंतोलीतलं बिल आणि आमचं केशरी कार्ड

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या रात्री, बाबांच्या छातीत कळ आली. चाळीस वर्षं ऑटो चालवलेला माणूस, तशातही "मीच ऑटो काढतो" म्हणत होते. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली आणि नंदनवनहून आम्ही थेट धंतोलीत. रात्री बारा वाजता कोणता दवाखाना सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत आहे, हे कोण पाहत बसते? पहिली पाटी दिसली तिथे शिरलो.

त्या खासगी दवाखान्याचं चांगलं आधी सांगते. दहा मिनिटांत ईसीजी झाला, डॉक्टर जागेच होते, नर्सताई बाबांशी गोड बोलली. मलाही बसायला खुर्ची मिळाली. काउंटरवरचा मुलगा मात्र एकच विचारत होता, "मेडिक्लेम आहे का?" नाही म्हटल्यावर तीस हजार ॲडव्हान्स. माझी पोत सकाळी सराफाकडे गेली.

दोन दिवस आयसीयू आणि अँजिओग्राफी, बिल 58,640 रुपये. मी ब्लाउज शिवते. अस्तराचे आणि पायपिंगचे वेगळे पैसे लावले तर गिऱ्हाईक माझ्याशी अर्धा तास भांडते. इथे हातमोजे वेगळे, सिरिंज वेगळी, नर्सिंग वेगळं, रात्रीचे डॉक्टर वेगळे, आणि मी गुपचूप सही केली. अँजिओप्लास्टीचा, म्हणजे बंद नस उघडण्याचा, अंदाज सांगितला दोन लाख दहा हजार. स्टेंटच्या, म्हणजे नसेत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर केंद्राने 2017 मध्ये मर्यादा घातली, म्हणून कागदावर स्टेंट काही फार महाग नव्हता. बाकीचा आकडा बलून, वायर, कॅथलॅब आणि खोलीभाड्याने फुगला होता. योजनेचं विचारलं तर म्हणे, "आमच्याकडे नाही होत, ताई."

मग 155388 वर फोन केला. हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा नंबर. ही योजना आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना होती, आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ते घरातल्या सगळ्यांचे मिळून, हे लक्षात ठेवा. यादीतला एक दवाखाना त्यांनी सांगितला, बाबांना तिथे हलवलं.

इथे खरी परीक्षा कागदांची. आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्याच्या, टेबलावर एक बारीक मुलगा, समोर वीस माणसं. रेशन कार्डावर बाबा 'सुखदेव', आधारावर 'सुकदेव'. एका अक्षरासाठी माझा भाऊ दिवसभर रेशन ऑफिस आणि सेतू केंद्र करत फिरला. वर पहिल्या दवाखान्यातून अँजिओग्राफीची सीडी आणायची होती. तिथल्या बाईंनी ती दिली, पण दीड तास बसवून. मंजुरी आली दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. तोवर बाबा पलंगावर आणि आई खाली चटईवर, बाजूच्या पेशंटच्या डब्याला पाय लागू नये म्हणून आखडून झोपलेली.

त्यात वॉर्डातल्या एकाने चिठ्ठी दिली, "हे बाहेरून आणा." 1,850 रुपये देऊन आणलं. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा समोरच्या पलंगावरच्या मावशी म्हणाल्या, "काहून पैसे देऊन राहिली बाई? त्या पोट्ट्याले दाखव." आरोग्यमित्राने चिठ्ठी पाहिली, फोन केला, आणि तेच इंजेक्शन दुपारी आतूनच आलं. पहिले 1,850 मात्र गेले ते गेलेच.

अँजिओप्लास्टी तर एका तासात झाली. डॉक्टरांनी स्क्रीनवर आधीची आणि नंतरची नस दाखवली, घाई न करता. जेवण दवाखान्याचंच, डाळ, भात, पोळी, दुधी. बाबांना तिसऱ्याच दिवशी सावजी आठवलं, म्हणजे बरे झाले. सुट्टीच्या कागदावर सही केली, पैसे शून्य. मी दोनदा विचारलं.

कुठे जायचं विचाराल तर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. त्या रात्री खासगीतल्या दहा मिनिटांनी बाबांना वाचवलं, हे मी नाकारत नाही. पण जीवावरचं असलं तर कागद हातात नसतानाही योजनेच्या दवाखान्यात फोनवर मंजुरी घेऊन दाखल करता येतं, कागद नंतर द्यायचे, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसऱ्या रस्त्याने वळलो असतो. बाहेर भरलेले पैसे योजना परत देत नाही. महिन्याच्या गोळ्याही आता आमच्याच खिशातून. जनऔषधीच्या दुकानातून घेते, तिथे बऱ्याच स्वस्त पडतात.

आता यादीतल्या तीन दवाखान्यांची नावं, आधार आणि दुरुस्त केलेलं कार्ड मशीनच्या ड्रॉवरमध्ये एका प्लास्टिकच्या पिशवीत आहे. बाबा रोज विचारतात, ऑटो कधी काढू. पोत अजून सराफाकडेच आहे.