लातूर ते रत्नागिरी: कॅम्परव्हॅन की आपली कार?

रस्ता सरळ आहे. औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून समुद्र. आम्ही तो दोन्ही प्रकारे केला: मे महिन्यात आमच्या कारने, मार्गशीर्षात भाड्याच्या कॅम्परव्हॅनने, म्हणजे आतच झोपायची सोय असलेल्या गाडीने.

सोबत वयस्कर बाई असेल तर माझं मत व्हॅनलाच. कारच्या प्रवासात सासूबाईंची पाण्याची बाटली सोलापूर ओलांडलं तरी भरलेलीच होती, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. वाटेत जायची सोय नाही म्हणून त्या सकाळपासून तहान मारून बसल्या होत्या. व्हॅनमध्ये संडास होता. त्या प्रवासात त्यांनी पोटभर पाणी प्यायलं, दुपारी पाय पसरून झोपल्या. माझ्यासाठी हिशोब इथंच संपतो.

पण व्हॅनला पाणी लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरपुढे आम्हीही घागरी लावल्या आहेत. त्यामुळे कुणाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर जाऊन 'टाकी भरून द्या' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरूनच भरून निघा, पुढे जिथं मुक्काम कराल तिथं विचारून घ्या. संडासाची टाकीसुद्धा परवानगी घेऊन संडासातच रिकामी करायची, ओढ्यात कदापि नाही.

उन्हाळ्यात मात्र कारच न्या आणि लॉजवर झोपा. इंजिन बंद झालं की व्हॅनचा एसी बॅटरीवर रात्र काढेलच असं नाही, आणि दिवसभर तापलेला पत्रा लवकर निवत नाही.

व्हॅनचं खरं सुख हिवाळ्यात. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात जेवायच्या सणाच्या दिवशी औशाच्या पुढे ज्वारीच्या कडेला गाडी लावली होती. ओळख ना पाळख, तरी शेतातल्या कडब्याच्या कोपीपासून (खोपीपासून) हाक आली, "या जेवायला!" भज्जी, उंडे, वर गाडग्यातलं गार आंबिल. कारने गेलो असतो तर पुढचं लॉज गाठायच्या घाईत तिथून निघून गेलो असतो.

घाटात कार हलकी पडते. भरलेली व्हॅन उतरवताना खालच्या गिअरवर ठेवा, सारखा ब्रेक दाबून तो तापवू नका. रत्नागिरीत तर व्हॅन अडचणच: मिरकरवाडा बंदराकडे मासळीच्या टेम्पोंची वर्दळ असते. गाडी बाहेर मोकळ्या जागी लावून रिक्षाने जा.

भाड्याने स्वतः चालवायला घेताना नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी आहेत ना, ते पाहाच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा अडतो.

आणि भरलेलं बंदर पाहायचं असेल तर जून-जुलै टाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात.