गोठवणाऱ्यांची भांडणे आणि काकांची पॉलिसी

मृत्यूनंतर शरीर उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवायचे आणि विज्ञान त्याला पुढे कधीतरी उठवील अशी आशा धरायची, या क्रायॉनिक्स नावाच्या खटाटोपात काही तथ्य आहे का, हा वाद मला येथे घालायचा नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या काकांचा त्यावर विश्वास आहे आणि तो त्यांचा प्रश्न आहे. मात्र त्यांना ज्या युक्तीने लुबाडले गेले ती या क्षेत्रातील संस्थांच्या आपसातील वैरावर उभी होती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

या व्यवस्थेचा खर्च मोठा असतो. मिशिगनमधील क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट संपूर्ण शरीरासाठी किमान २८,००० डॉलर घेते, तर ॲरिझोनातील अल्कोरचा आकडा त्याच्या कित्येक पट आहे. बहुतेक सभासद ही रक्कम आयुर्विम्यातून उभी करतात, म्हणजे पॉलिसीवर लाभार्थी म्हणून संस्थेचे नाव लावतात. काकांचीही तशी पॉलिसी होती आणि तिचे हप्ते ते वर्षानुवर्षे भरत आले होते.

त्यांच्याकडे आलेला एका नव्या कंपनीचा प्रतिनिधी सुरुवातीला एकही शब्द खोटा बोलला नाही. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थच्या दफनभूमीत तिथल्या क्रायॉनिक्स संस्थेचे प्रमुख रॉबर्ट नेल्सन यांनी तळघरात ठेवलेली शरीरे नायट्रोजनअभावी कुजली, ते १९७९ साली उघडकीस आले आणि १९८१ साली न्यायालयाचा निकाल नातेवाइकांच्या बाजूने लागला, हे त्याने सांगितले. अल्कोरमधून फुटून १९९३ च्या सुमारास निघालेली क्रायोकेअर काही वर्षांतच गुंडाळली गेली आणि तिच्याकडची शरीरे दुसरीकडे हलवावी लागली, हेही सांगितले. रशियातील क्रिओरसच्या दोन प्रमुखांच्या भांडणात २०२१ साली शरीरांसकट टाक्या ट्रकवर चढवल्या गेल्या आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले, ही हकीकत तर त्याने फार रंगवून सांगितली. हे सगळे खरे आहे. त्यानंतरचा त्याचा दावा मात्र निव्वळ थाप होता: काकांच्या संस्थेतही फूट अटळ आहे, तेव्हा पॉलिसी आमच्यासारख्या तटस्थ विश्वस्ताकडे ठेवा, वेळ येईल तेव्हा जी संस्था धड असेल तिला आम्ही पैसे देऊ. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी पाहिली नव्हती.

काकांनी सही केलेल्या फॉर्मचे शीर्षक ‘ॲब्सोल्यूट असाइनमेंट’ असे होते. लाभार्थी बदलला तर पॉलिसीचा मालक तो बदल सहसा पुन्हा फिरवू शकतो. या फॉर्मने मालकीच दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय अंतकाळी खाटेशेजारी पथक हजर ठेवण्याच्या नावाखाली, ज्याला तिकडे स्टँडबाय म्हणतात, आगाऊ शुल्कही घेण्यात आले. पुढे हप्त्याची सूचना काकांच्या पत्त्यावर येईनाशी झाली, म्हणून आम्ही विमा कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा मालक बदलल्याचे आणि साठलेल्या रोख मूल्यावर नव्या मालकाने कर्ज उचलल्याचे कळले. त्या ‘विश्वस्त’ कंपनीकडे ना स्वतःची टाकी होती, ना शरीर सांभाळणाऱ्या कोणत्याही संस्थेशी करार. काकांच्या संस्थेत फूट वगैरे काही नव्हती. संचालक मंडळातील एकाने राजीनामा दिला होता, एवढेच.

प्रतिनिधीने जे गाळले तेही सांगण्यासारखे आहे. चॅट्सवर्थ बुडाले त्याला दोन संस्थांचे वैर कारणीभूत नव्हते. तेथे नातेवाइकांनी वेळोवेळी पाठवलेल्या पैशांवर सारे चालले होते. पैसे आटल्यावर नायट्रोजन भरणे थांबले आणि तरीही सर्व ठीक असल्याचा दिलासा दिला जात राहिला. संपूर्ण रक्कम आधीच राखून ठेवण्याचा आग्रह आज संस्था धरतात आणि अल्कोरने १९९७ साली शरीरांच्या देखभालीसाठी वेगळा न्यास स्थापन केला, त्यामागे हाच धडा आहे. क्रायॉनिक्ससाठी गोठवलेली पहिली व्यक्ती मानल्या जाणाऱ्या, १२ जानेवारी १९६७ रोजी गोठवलेल्या जेम्स बेडफर्ड यांचे शरीर किती ठिकाणी फिरवावे लागले, हे त्या गृहस्थाने गोंधळाचा पुरावा म्हणून सांगितले होते. माझ्या मते ते नेमके उलट दाखवते: बेडफर्ड कुटुंबाने ताबा स्वतःकडे ठेवला, म्हणून नेल्सन यांनीच गोठवलेले असूनही ते चॅट्सवर्थच्या तळघरात अडकले नाहीत आणि १९८२ पासून अल्कोरकडे आहेत.

राज्याच्या विमा विभागाकडे लेखी तक्रार केल्यावर पॉलिसीची मालकी काकांकडे परत आली, पण कर्ज पॉलिसीवर तसेच राहिले आणि स्टँडबायचे शुल्क बुडाले ते बुडालेच. तो प्रतिनिधी आता प्रतिस्पर्धी संस्थेच्या सभासदांच्या घरी जातो, असे त्यांच्यापैकी एकाने आम्हांला कळवले आहे; त्यांना दाखवला जाणारा फॉर्म तोच आहे, आणि अटळ फुटीची गोष्टही तीच आहे, फक्त संस्थेचे नाव बदललेले आहे.