शेतातलं ब्रीडिंग की लॅबमधलं जेनेटिक्स, बॉटनीनंतर कुठे जायचं?

बॉटनी झालं, आता पिकांवर काम करायचंय, पण ब्रीडिंग (शेतात नवे वाण तयार करणं) घेऊ की जेनेटिक्सची (जनुकांच्या अभ्यासाची) लॅब पकडू, असं बरेच जण विचारतात. मी दोन्हीकडे थोडी थोडी वर्षं काढलीत म्हणून लिहितोय, आणि आधीच सांगतो, माझा कल शेताकडे आहे.

ब्रीडिंगमध्ये खरा साहेब म्हणजे हंगाम. गव्हाचा क्रॉस, म्हणजे दोन वाणांचा संकर, करायचा तर ओंबीतलं एकेक फूल उघडून चिमट्याने तिन्ही पुंकेसर पराग सुटायच्या आत काढायचे, वर पिशवी चढवायची, लेबल बांधायचं, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग टाकायचे, आणि हे सगळं उन्हात पाठ वाकवून शेकडो वेळा. मी पहिल्या वर्षी लेबलं पेनने लिहिली, एका पावसात शाई धुवून गेली, कुठल्या ओंबीचे आईबाप कोण काही कळेना, अख्खा हंगाम पाण्यात. तेव्हापासून फक्त पेन्सिल.

त्यात घाई चालत नाही. स्वपरागणाच्या दर पिढीला हेटेरोझायगोसिटी (जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असण्याचं प्रमाण) निम्मी होते, एफ-टूला (क्रॉसनंतरच्या दुसऱ्या पिढीला) ५० टक्के असली तर एफ-सिक्सला ३ च्या आसपास, म्हणजे ओळ (एकसारखी संतती देणारा वंश) स्थिर व्हायलाच इतक्या पिढ्या, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या वेगळ्याच. गव्हाचे ब्रीडर नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एक पीक वायव्येकडच्या सोनोरात आणि दुसरं मध्य भागातल्या उंच डोंगराळ पट्ट्यात घेऊन वर्षात दोन हंगाम बसवले, हल्ली स्पीड ब्रीडिंगमध्ये रोज २२ तास लाइट देऊन गव्हाच्या वर्षाला ६ पिढ्या काढतात. तरी शेवटी शेतात उभं राहून निवड करावीच लागते.

लॅबमध्ये चूक स्वस्तात सुटते. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) फसला, उद्या परत लावा. पेपरही लवकर निघतात. पण दिवसभर रंग नसलेले थेंब या ट्यूबमधून त्या ट्यूबमध्ये टाकायचे, झाड महिनोन्महिने दिसत नाही, आणि अर्धं काम तर आता कॉम्प्युटरवर, गव्हाचा जीनोम (सगळा डीएनए) सुमारे १६ अब्ज बेसचा, म्हणजे अक्षरांचा, आहे, तिथे आर किंवा पायथॉनमधलं प्रोग्रॅमिंग न येता निभाव लागणं कठीण. (ब्रीडरला स्टॅटिस्टिक्स सुटतं असं समजू नका, ते तिकडेही मानगुटीवर आहेच.)

दोन्ही बाजू एकमेकींशिवाय अडतात हे भाताच्या सब-वन या जनुकाच्या गोष्टीत छान दिसतं. ओडिशातली एफआर-१३ए ही जुनी जात पुरात दोन आठवडे बुडूनही तगायची, पण उत्पन्न कमी. १९९६ ला हा गुण नवव्या क्रोमोसोमवर सापडला, २००६ ला नेमका जनुक हाती लागला, मग मार्कर (जनुक ओळखायची डीएनएमधली खूण) वापरून तो लोकप्रिय स्वर्णा वाणात बॅकक्रॉसने (संततीचा परत परत स्वर्णाशीच क्रॉस करून) आणला आणि २००९ ला भारतात स्वर्णा-सब-वन आला. लॅब नसती तर नेमकं काय उचलायचं ते कळलं नसतं, ब्रीडर नसते तर सगळं पेपरातच राहिलं असतं.

माझ्या मते आधी शेत करा, मग लॅब. शेतातून लॅबमध्ये सरकता येतं, उलटं जाणारे मी फार कमी बघितलेत. फक्त पीएचडी घेताना गाइडला एक गोष्ट नक्की विचारा, पॉप्युलेशन (अभ्यासासाठी लागणारी क्रॉसची संतती) तयार आहे की तुम्हालाच बनवायचंय? कारण तुमच्या हातात तीन-चार हंगाम असतात, आणि पहिल्या क्रॉसपासून सुरू केलंत तर मोजमाप घ्यायची वेळ येईपर्यंत फेलोशिप संपलेली असते.