मेघालयाच्या पॅकेजमध्ये झालेली फसवणूक

गेल्या जुलैमध्ये आमच्या दोन कुटुंबांनी मेघालयाची सहल ठरवली आणि ज्या सहल-संयोजकाकडे ती सोपवली, त्याने आम्हाला अत्यंत पद्धतशीरपणे फसवले. अशी माणसे नाव आणि मोबाईल क्रमांक बदलून पुन्हा तोच धंदा मांडतात. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून तीच सविस्तर लिहीत आहे.

त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात सोहरा म्हणजेच चेरापुंजीचा मुक्काम, डावकीला उमनगोट नदीच्या नितळ पाण्यात नौकाविहार, क्रेम पुरी गुहेत मार्गदर्शकासह अर्धा दिवस आणि नोंगरियाटच्या, झाडांच्या जिवंत मुळांनी विणलेल्या दुमजली पुलापर्यंत थेट गाडी, असे सगळे होते. प्रत्यक्षात उमनगोटचे ते आरस्पानी पाणी हिवाळ्यातले असते; पावसाळ्यात नदी गढूळ होऊन फुगते आणि नौकाविहार बंद राहतो. क्रेम पुरी ही 24 किलोमीटरहून लांब असलेली वालुकाश्मातील गुहा आहे, आणि पावसाळ्यात तिथल्या गुहांमध्ये पाणी केव्हा चढेल याचा भरवसा नसल्याने गुहा-संशोधकांच्या मोहिमाही कोरड्या महिन्यांतच निघतात. नोंगरियाटला तर गाडी जातच नाही; टिर्ना गावाशी रस्ता संपतो आणि पुढे तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्याबरोबर गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत, हे त्याला आधीच सांगितलेले होते. तो प्रदेश खरोखर पाहिलेला कोणीही जुलैच्या पर्यटकाला ही आश्वासने देणार नाही. उलट, सुमारे 340 मीटर उंचीचा नोहकालिकाई धबधबा पावसाळ्यात भरून वाहत असला तरी धुक्यामुळे तो तासन्‌तास दिसत नाही, हे प्रामाणिक माणूस आपणहून सांगतो.

पैशांची मागणी टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आधी थोडी आगाऊ रक्कम, मग ‘हॉटेलचे दर वाढणार आहेत’ म्हणून उरलेली सगळी, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकी ‘इनर लाइन परमिट’चे शुल्क. हे परमिट भारतीय पर्यटकांना अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी लागते, मेघालयासाठी नाही. यूपीआयवर पैसे भरताना संस्थेऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसत होते. ‘ते आमचे हिशेबनीस आहेत’ असे उत्तर मिळाले. पावतीवरचा जीएसटी क्रमांक नंतर मोजून पाहिला, तर तो तेरा अक्षरी निघाला. खरा क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो.

गुवाहाटी विमानतळावर गाडी आली खरी, परंतु आपल्याला फक्त शिलाँगपर्यंतचेच भाडे मिळाले आहे, असे चालकाने सांगितले. संयोजकाचा फोन त्या संध्याकाळपासून बंद झाला. सोहऱ्याच्या होमस्टेमध्ये मालकीणबाईंनी, ज्यांना तिथे आदराने ‘काँग’ म्हणतात, नोंदवही उघडून आमच्यापुढे ठेवली: आमचे नाव, एका रात्रीची तारीख, बाजूला किरकोळ टोकन रक्कम आणि त्यावर शिसपेन्सिलीने मारलेली रेघ. आमच्याकडून पैसे उकळून झाल्यावर त्याने ते आरक्षणही रद्द केले होते. त्या माउलीने भर पावसात आम्हाला परत न पाठवता खोल्या उघडून दिल्या, आणि तिने सांगितलेला दर पॅकेजमधल्या दरापेक्षा बराच कमी होता. एवढ्या दिलदार लोकांच्या गावाचे नाव वापरून लुबाडणूक होते, याचा संताप आजही ओसरलेला नाही.

म्हणून दुसरा हप्ता देण्यापूर्वी होमस्टेला स्वतः फोन करावा आणि आपल्या नावाने किती रात्रींचे आरक्षण आहे व किती रक्कम जमा झाली आहे, हे विचारावे. होमस्टेचा क्रमांक संयोजकाकडून न घेता आपण शोधावा. फसवणूक लक्षात येताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते गोठवले जाण्याची शक्यता राहते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (म्हणजे बँकेच्या प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक), समोरच्याचा मोबाईल क्रमांक दिसेल असे संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि मूळ कार्यक्रमपत्रिका जपून ठेवावी; पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगाकडे आमच्याकडून हीच कागदपत्रे सर्वप्रथम मागितली गेली.